टक्

तुटलेला फोर्क माझ्या बाकावर पडलाय.
अस्मारात आम्ही त्याला फोर्चेला म्हणतो.
इटालियन गेले, जाताना बरंच काही घेऊन गेले,
सुट्या भागांची नावं तेवढी न्यायची विसरले.

इकडे या, दाराशी, उजेडात धरतो.
तुटलेल्या तोंडावर दोन रंग दिसतायत?
हा अर्धा काळपट, गुळगुळीत,
त्यावर बारीक रेघा, एकीमागे एक,
मसावाच्या वाळूवर ओहोटी सोडून जाते तशा.
आणि हा उरलेला, खडीसाखरेसारखा चकाकणारा,
हा त्या सकाळी तुटला.
काळा भाग
कधीपासून तुटतच होता.

मोजपट्टी घेऊन बसलोय,
जणू मोजल्यानं काही
कमी होणार आहे.

ब्रिक्ती बिस्किटांच्या कारखान्यात आहे. दुपारची पाळी.
पहाटे सायकल काढायची, नेफासितपर्यंत उतरायचं,
आणि जेवढं उतरली तेवढं सगळं चढून
अकराच्या आत शहरात.
एप्रिलात आली, म्हणाली,
ओक्बाझगी, चढावर उभी राहिले की आवाज येतो.
कसा?
तिनं नखानं बाकावर वाजवून दाखवला.
टक्.

मी हँडल हलवलं, नट आवळला,
बेअरिंगमध्ये बोटभर ग्रीस भरलं.
आवाज गेला.
तिनं गल्लीत दोन चकरा मारल्या, हसली,
पैशांऐवजी तुटक्या बिस्किटांची पुडी दिली.
फोर्क बाहेर काढून बघायला
वीस मिनिटं लागली असती.
मी बिस्किटं खाल्ली.

जिथे चीर होती तिथे डोळा पोचत नाही,
नळीच्या आत नळी, तिच्या मुळाशी, केसाएवढी.
मिलानहून कुणाच्या तरी मामाच्या बॅगेतून आलेला जुना माल.
आधी कोण बसायचं त्यावर, किती डोंगर, किती खड्डे,
कुणी विचारत नाही आमच्याकडे.
मिळालं, हेच खूप.

अर्बारोबाच्या खाली धुकं होतं.
तिसरं वळण. तिनं पुढचा ब्रेक दाबला,
आणि ब्रेकनं आपलं काम
चोख केलं.
पुढचं चाक तिच्याआधी वळणाला गेलं.
ती गेली तोंडावर.

निवडुंगाची बोंडं विकणाऱ्या बाईनं
आपली नेत्सेला फाडून तिचा जबडा बांधला.
रस्त्यावरची माकडं, म्हणे, पांगलीसुद्धा नाहीत,
एक पिल्लू गरगरत्या चाकाकडे बघत बसलं होतं.

तिचा भाऊ म्हणतो, देवाची इच्छा.
मला आवडलं असतं देवावर ढकलायला.
पण ग्रीस
देवानं लावलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, हाडं तरुण आहेत, सांधतील.
हाड झोपेत स्वतःला शिवून घेतं.
पोलादाला झोप नाही.
त्याला दिलेला प्रत्येक हिसका
ते एका रेघेत मांडून ठेवतं,
आणि बोलायचं झालंच तर
एकदाच बोलतं,
तेही हलक्या आवाजात, चढावर,
जिथे धापेपुढे काही ऐकू येत नाही.
तिला आलं होतं.

काल ती आली.
दातांना तारा, हनुवटीवर टाके, हातात
तीच पुडी. जुन्या सवयीनं आणली असेल,
स्वतः तर अजून पेजेवर आहे.
फोर्क उचलला. काळ्या अर्ध्यावरून
अंगठा फिरवला, हळू,
झोपलेल्या मांजराच्या पाठीवरून फिरवावा तसा.
मग माझ्याकडे न बघता बाकावर
नखानं.

मी खाली बघितलं. ती तारांमधून म्हणाली,
शब्द नीट लागले नाहीत, पण असं काहीतरी:
किती वेळा उतरले मी याच्यावर?
तुटायला लागल्यापासून?

चष्मा लावला, भिंग घेतलं, रेघा मोजू लागलो.
चाळिसाच्या पुढे चुकलो.
परत पहिल्यापासून.
बायकोनं कॉफीचा पहिला उतार दिला, मग दुसरा.
ब्रिक्ती स्टुलावर बसून होती,
घाई नव्हती तिला, पाळीवर अजून घेत नाहीत.
मी परत चुकलो.